सावरखिंडीचं शून्य

डॉ. उल्का बर्वेने सावरखिंडीच्या तळ्याकाठी घर बांधायचं ठरवलं तेव्हा तिच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. घराचे नकाशे कोण काढणार, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही. ती आणि हेमांगी टिपणीस कॉलेजच्या वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. पुढे उल्का मातीची शास्त्रज्ञ झाली आणि हेमांगी वास्तुरचनाकार.

"मला बंगला नको आहे," तळ्यावरच्या उतारावर उभी राहून उल्का म्हणाली. "इथे घर झालंय हे या उताराला कळताच कामा नये."

हेमांगी हसली. "सगळे असंच म्हणतात. आणि महिन्याभराने तळ्याच्या बाजूला अख्खी काचेची भिंत मागतात."

"ते नुसतं म्हणतात. मी मोजून दाखवणार आहे."

तिने पिशवीतून एक डबा काढला. डब्यात शर्टाच्या बटणांएवढ्या करड्या चकत्या होत्या. उल्काच्या बावीस वर्षांच्या कामाचं सार त्या डब्यात होतं. तिने त्याला नाव दिलं होतं 'भूश्रुती'.

चकत्या जमिनीत वीतभर खोल पुरायच्या, एकरी सहाशे. मातीचा ओलावा, गांडुळांची हालचाल, झाडाच्या मुळांतून पाणी वर चढताना होणारा अतिसूक्ष्म आवाज, बेडकांची ओरड, हे सगळं त्या टिपत. तळ्यात सोडलेल्या तशाच चकत्या पाण्यातले जनुकांचे कण तपासून कोणते मासे आहेत, कोणते संपले, ते सांगत. वर्षभर ऐकल्यावर संगणकात त्या उताराची एक जिवंत प्रतिकृती तयार होई. मग त्या प्रतिकृतीत घर ठेवायचं, काळ तीस वर्षं पुढे पळवायचा आणि काय तगतं, काय मरतं ते पाहायचं. शेवटी शंभरापैकी एक आकडा मिळे. तो सहभावांक.

"म्हणजे तुझ्या घराला जमीन मार्क देणार," उल्का म्हणाली.

हेमांगीला हे मनापासून आवडलं. वीस वर्षं ती गिऱ्हाइकांना सांगत आली होती की उतार कापू नका, ओढा वळवू नका; आणि ते तिच्या अभिरुचीचं नाजूक खूळ समजून मान डोलावत आले होते. आता तिच्या हातात पुरावा येणार होता.

चकत्या पुरण्याचं काम चालू असताना चांगुणा हिलम भेटली. उताराच्या पलीकडच्या अंगाला एकोणीस घरांची कातकरवाडी होती, तिथली. वय पन्नाशीच्या आसपास. हातात ओली जाळी होती. बराच वेळ ती पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, "काय पेरता ताई? उगवंल का ते?"

"उगवलं तर घर उगवेल," हेमांगी म्हणाली.

"मग हितं नका पेरू. वर सरका."

"का?"

"भादव्यात कासवी येते हितनं. अंडी घालाय. माज्या सासूपासनं बघते मी, वाट बदलत न्हाय ती. घर आडवं घातलंत तर भिंतीवर डोकं आपटंल."

प्रतिकृतीला ही गोष्ट कळायला भाद्रपद उजाडावा लागला असता. हेमांगीने घर अकरा फूट वर सरकवलं.

त्या वर्षात हेमांगी दर पंधरा दिवसांनी सावरखिंडीला जात राहिली. चांगुणा तिला हाताला धरून फिरवायची. वारा संध्याकाळी कुठून फिरतो, कुठली जमीन वरून कोरडी आणि आतून लोण्यासारखी मऊ, झऱ्याचं तोंड दर वर्षी का मोकळं करायचं, होळीआधी गवताचे पट्टे का जाळायचे, मे महिन्यात काजवे कुठल्या झाडांवर उतरतात. चांगुणाचा नवरा काळूराम कमरेने अधू होता; तो दारात बसून जाळी विणायचा आणि चांगुणा काही चुकीचं सांगू लागली की लांबूनच ओरडायचा, "आगं, उंबरावर न्हाय, बेहड्यावर!"

घराला आकार येत गेला. एक मोठी इमारत नाही, तर उताराबरोबर पायरीपायरीने उतरणाऱ्या तीन लहान खोल्या. मध्ये मोकळ्या वाटा ठेवल्या, वाऱ्यासाठी आणि कासवीसाठी. पाया खणायचाच नाही. स्क्रूसारखे पोलादी पाय जमिनीत पिळून बसवायचे. भिंती मुरूम आणि तळ्यातल्या गाळाच्या. त्यात चुना तयार करणारे जिवाणू मिसळले की तीन आठवड्यांत मातीचा दगड होई, भट्टीशिवाय. छपरावर गवत. खिडक्या बुटक्या, उजेड पिवळसर आणि तळ्यापर्यंत न पोचणारा. मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून गाळून मगच मातीत सोडायचं. हेमांगीने आयुष्यात एवढं चांगलं काही काढलं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

सहभावांक आला एकाहत्तर.

तिने खोल्या लहान केल्या. त्र्याहत्तर. एक खोली काढून टाकली. त्र्याहत्तरच. अकरा नकाशे झाले, आकडा पुढे सरकेना. उल्काला नव्वदीच्या वर हवा होता, कारण हे घर नुसतं तिचं राहिलं नव्हतं. राज्यात नवं सरोवर प्राधिकरण स्थापन होत होतं. भूश्रुती त्यांनी स्वीकारावी यासाठी त्यांच्यापुढे ठेवायला एक उदाहरण हवं होतं.

"अडतंय कुठे ते सापडलं," एका दुपारी उल्का हेमांगीच्या कचेरीत येऊन म्हणाली. "आपण उतार आज जसा आहे तसा शून्य धरलाय. पण तो उतार कोरा नाहीये ना. वाडी तिथे किती पिढ्या आहे! त्यांच्या पायवाटा, गवत कापणं, सरपण आणणं, मासेमारी, सगळं त्यात मुरलेलं आहे. उतार वाडीशी जुळलेला आहे. म्हणून नवं काहीही ठेवलं की ते उपरं ठरतं."

"ठरणारच. आहेच ते उपरं."

"पण शून्य कुठे धरायचं हे आपण ठरवतो, हेमा. माणूस नसताना हा उतार कसा असता, ते शून्य धरलं तर? मग वाडीमुळे झालेला प्रत्येक बदल हा बिघाड मोजला जातो. तुझं घर तीन एकर चराईपासून मोकळं करतंय, म्हणजे तेवढा बिघाड कमी करतंय." तिने लॅपटॉपचा पडदा हेमांगीकडे वळवला. "चौऱ्याण्णव."

नकाशातली एकही रेघ बदललेली नव्हती.

हेमांगी त्या आकड्याकडे पाहत राहिली. "याने वाडीला काही त्रास होईल का?"

"वाडीचा काय संबंध? हा तुझ्या घराचा आकडा आहे."

प्राधिकरणाला द्यायच्या अर्जावर एक रकाना होता : आधारस्थिती. त्यात दोनच पर्याय होते, 'वर्तमान' आणि 'मानवरहित'. पर्याय निवडून सही करायची होती वास्तुरचनाकाराने. हेमांगीने दुसऱ्यावर खूण केली आणि सही केली. त्या रात्री तिला छान झोप लागली, हे तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

घर झालं. ते पाहायला देशभरातून माणसं आली. तळ्याच्या पलीकडून पाहिलं तर खरोखरच दिसत नसे. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडलं की छपरंही पिवळी पडत. भादव्यात कासवी मधल्या वाटेने वर चढली, तेव्हा उल्काने फोन करून हेमांगीला ते दाखवलं. दोघी मैत्रिणी फोनच्या दोन टोकांना रडल्या.

पुढच्याच वर्षी सरोवर प्राधिकरणाने नियम केला. कोणत्याही तळ्यापासून एक किलोमीटरच्या आत साठपेक्षा कमी सहभावांकाचं बांधकाम राहणार नाही. आधारस्थिती सर्वत्र एकच : मानवरहित. सावरखिंडीचं घर आदर्श म्हणून नियमाच्या परिशिष्टात छापलं गेलं. या नियमाने पहिल्या सहा महिन्यांत तीन मोठी रिसॉर्ट्स अडवली. वर्तमानपत्रांनी उल्काला डोक्यावर घेतलं, आणि ते चूक नव्हतं.

मग एका सकाळी चांगुणा पुण्यात हेमांगीच्या कचेरीत आली. एसटी बदलत बदलत, पत्ता विचारत आली होती. पाणीही न पिता तिने पदराच्या गाठीतून कागद सोडवला.

"ताई, हे वाचा. अडतीस म्हंजे काय?"

हेमांगीने नोटीस वाचली. सावरखिंड कातकरवाडी, एकोणीस घरं, सहभावांक अडतीस. नव्वद दिवसांत स्थलांतर. बावीस किलोमीटरवर पक्की घरं, नळ, वीज.

"साठ लागतात," ती म्हणाली. "तुमच्या वाडीला अडतीस मिळालेत."

"शंभरातले?"

"हो."

"आन तुमच्या उल्काताईंच्या घराला?"

हेमांगीला उत्तर द्यावं लागलं. "चौऱ्याण्णव."

चांगुणाने ते ऐकून घेतलं. ती रागावली नाही; तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "त्यांचं घर झालं तवा मीच दावलं ना समदं तुमास्नी? मग आमाला कमी कसं? आमी काय चुकीचं केलं ते सांगा, सोडून देतो. शेळ्या इकाव्या का?"

"तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही."

"मग?"

हेमांगीला त्या रकान्याबद्दल सांगता आलं असतं. तिने सांगितलं, "मी बघते. मी बोलते उल्काताईंशी. सुनावणी आहे ना, मी येते."

उल्का सावरखिंडीच्या घराच्या ओसरीवर बसली होती. हेमांगीचं सगळं बोलणं तिने शांतपणे ऐकलं.

"काय सांगणार आहेस सुनावणीत?"

"की शून्य बदललं तर वाडीला अठ्ठ्याऐंशी मिळतात. मी मोजून आणलेत. आणि आपल्या घराला त्र्याहत्तर. की आपण आकडा वाढवण्यासाठी शून्य हलवलं."

"मग काय होईल माहीत आहे? रिसॉर्टवाल्यांचे वकील टपलेलेच आहेत. शून्य हलवता येतं, असं नियमातलं आदर्श घर काढणाऱ्या बाईनेच सांगितलं, की नियम महिन्याभरात पडेल. चाळीस तळी आहेत, हेमा. त्यांच्या काठांवर सिमेंट ओततील ते. तेव्हा तुझी कासवी कुठून जाणार?"

"आणि ती एकोणीस घरं?"

"त्यांना पक्की घरं मिळतायत. नळ मिळतोय." उल्काचा आवाज खाली आला. "मला आनंद होतोय असं वाटतं का तुला? पण तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते सांग."

उल्का म्हणत होती त्यातलं बरंचसं खरं होतं. अडचण तीच होती.

सुनावणी तालुक्याच्या गावी, एका सभागृहात झाली. वाडीतली सगळी माणसं आली होती. काळूरामला दोघांनी धरून आणलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, "भूश्रुतीच्या मोजणीबद्दल कोणाला तांत्रिक आक्षेप आहे का?" चांगुणाने मागे वळून हेमांगीकडे पाहिलं. हेमांगी तिसऱ्या रांगेत बसली होती. मोजणीचे कागद तिच्या पिशवीत होते. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा एकदा विचारला, थोडा थांबला, आणि पुढचं प्रकरण घेतलं.

बाहेर आल्यावर चांगुणाने टेंपोत काळूरामला नीट बसवलं, त्याच्या पाठीशी घोंगडी दुमडून ठेवली आणि स्वतः चढली.

वाडी गेली. घरं उतरवलेल्या जागी प्राधिकरणाने स्थानिक झाडं लावली.

पहिल्या पावसाळ्यानंतर उल्काच्या घराचा सहभावांक चौऱ्याण्णवाचा एक्क्याऐंशी झाला. उल्काला वाटलं, चकत्या बिघडल्या. तिने त्या बदलल्या. दुसऱ्या वर्षी सहासष्ट. तळ्याच्या कडेला जलपर्णी दाटली. बाहेरून आलेला तिलापिया मासा एवढा वाढला की मळ्या आणि खवली हे इथले मासे दिसेनासे झाले. उतारावर वाळकं गवत गुडघाभर साठलं, आणि मार्चमध्ये एका ठिणगीने सगळा वरचा भाग जळून गेला, प्राधिकरणाची नवी झाडं धरून. त्या भादव्यात कासवी आली नाही.

उल्काने प्रतिकृतीला मागे पळवून कारण शोधलं. ते सापडलं तेव्हा तिने हेमांगीला ताबडतोब बोलावून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर जुना, वसतिगृहातला उत्साह होता.

"हात होते, हेमा! वाडीचे हात. ते तिलापियाच धरायचे, कारण तो मोठा आणि जाळ्यात सहज येतो. म्हणून बाकीचे मासे जगत होते. जलपर्णी उपसून शेळ्यांच्या बसायच्या जागी पसरायचे. होळीआधी गवताचे पट्टे जाळायचे, म्हणून मोठी आग लागत नव्हती. झऱ्याचं तोंड दर वर्षी मोकळं करायचे. माणूस नसलेला उतार असा काही इथे नव्हताच कधी. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

"ही गोष्ट एका बाईने मला फुकट सांगितली होती," हेमांगी म्हणाली. "अकरा नकाशांच्या आधी."

"पण तेव्हा ती सिद्ध झाली नव्हती ना."

हेमांगी त्याच आठवड्यात प्राधिकरणाला पत्र पाठवून मोकळी झाली. आकडा वाढावा म्हणून आपण आधारस्थिती बदलली, वाडीला खरे अठ्ठ्याऐंशी गुण होते, ती परत आणावी. सगळं स्वच्छ लिहिलं, जुने कागद जोडले. सुनावणीत आपण गप्प बसलो तेही लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार मानले होते. भूश्रुतीच्या तिसऱ्या आवृत्तीत मानवी श्रमाचा समावेश आधीच केलेला असल्याने जुनी प्रकरणं पुन्हा उघडण्याचं कारण नाही, असं कळवलं होतं.

तिसऱ्या आवृत्तीने हिशेब वेगळा मांडला होता. मासे धरणं, पर्णी उपसणं, गवत जाळणं, झरा साफ करणं यांनी सहभावांक वाढतो. चूल, संडास, कोंबड्या, पोरंबाळं यांनी तो कमी होतो. उपाय सोपा होता. वाडीतल्या माणसांना 'भूसेवक' म्हणून नेमायचं. सकाळी साडेआठला गाडीने आणायचं, साडेचारला परत न्यायचं. मुक्काम नाही. तळ्याकाठी जेवण शिजवायचं नाही, डबा आणायचा. धरलेले मासे मोजून खड्ड्यात पुरायचे. घरी न्यायचे नाहीत, कारण विक्रीला वाव मिळतो.

घराचा आकडा शहात्तरवर चढला.

हेमांगी एप्रिलमध्ये सावरखिंडीला गेली. चांगुणा झऱ्याशी वाकून गाळ काढत होती. अंगात प्राधिकरणाचं खाकी जाकीट होतं. हेमांगी चप्पल काढून पाण्यात उतरली, पण कुठे हात घालावा ते तिला कळेना. ती तशीच उभी राहिली.

"काळूराम कसे आहेत?"

"गेले. माघात."

"मला कळलं नाही."

"कळवाया कोन येनार?" चांगुणाने गाळाचं घमेलं बाजूला रिकामं केलं. "तिकडं बरं व्हतं तसं. नळ हाय. पन दारात बसून काय करनार त्यो? जाळी कुनासाठी इनायची? भिताडाकडं तोंड करून बसायचा."

मग हेमांगीने सगळं सांगितलं. रकाना, खूण, सही, अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्या रांगेतली पिशवी. ती सांगत असताना चांगुणाचे हात चालूच होते.

"तवा व्हते का कागद तुमच्यापाशी? त्या दिवशी?"

"होते."

"हं," चांगुणा म्हणाली. तिने कंबर सरळ केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुमास्नी बी कळलं न्हाय म्हनून गप बसलात. इतके दिस मी लोकांना तेच सांगत व्हते. ताईस्नी ठावं नसंल, न्हायतर बोलल्या असत्या."

वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. इकडून तिकडून भूसेवक गोळा होऊ लागले.

"मी पुन्हा लिहिते," हेमांगी घाईघाईने म्हणाली. "या वेळी तुमच्या मागण्या घालून. मुक्कामाची परवानगी, मासे घरी न्यायची परवानगी. आता त्यांना तुमची गरज आहे. तुम्ही मागितलंत तर द्यावं लागेल."

चांगुणाने पाय धुतले. अंगातलं जाकीट काढलं, घडी घातली आणि झऱ्याच्या काठावरच्या दगडावर ठेवलं.

"सोमवारपासनं आमी येत न्हाय," ती म्हणाली. "एकोनीसच्या एकोनीस घरांनी ठरवलंय."

"पण मग मागायचं काय?"

"मागत न्हाय, ताई. येत न्हाय, येवढंच."

"आणि हे सगळं? झरा, मासे… तुमचंच आहे ना हे? मरेल सगळं."

"मरंल," चांगुणा म्हणाली. तिचा आवाज तेवढा एकदाच हलला. "पन आपलंच हाय ते रोज पाव्हन्यावानी बघाया लागतंय, साडेआठ ते साडेचार. सांजच्याला पाठ करून निघाया लागतं. तुमी एकदा निघून बघा." ती चढ चढून गेली आणि गाडीत बसली.

सोमवारी गाडी रिकामी आली. मंगळवारपासून आलीच नाही. प्राधिकरणाने शहरातून मजूर आणले. त्यांनी गवत भलत्या वाऱ्याला पेटवलं आणि उल्काच्या घराची वरची खोली काळी झाली. पावसाळा संपताना सहभावांक एकसष्ट होता. उल्काने घर सोडलं. उत्तरेला, चार तासांच्या अंतरावर, तिला दुसरं तळं सापडलं होतं. त्याच्या काठी ठाकरांची वाडी होती आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. चौथ्या आवृत्तीत वाडीला आधीपासूनच धरायचं, असं ती या वेळी म्हणत होती.

तिने हेमांगीला नकाशे काढायला बोलावलं. हेमांगी नाही म्हणाली.

नकाशे काढायला दुसरं कोणीतरी मिळालं. फार शोधावं लागलं नाही.